ओळखक्रमांकाची पारख : आकार, अस्तित्व आणि अधिकार

पणजीच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिनकोड ४०३००१ आहे. सहा अंकांची ही पद्धत भारतीय टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू केली. तिचे शिल्पकार श्रीराम भिकाजी वेलणकर हे खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते. या क्रमांकाचा पहिला अंक देशाचा विभाग दर्शवतो, पहिले तीन अंक मिळून वर्गीकरणाचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन अंक प्रत्यक्ष वाटप करणारे कार्यालय सांगतात. गोव्यातील पिनकोड ४०३ ने सुरू होतात, ते यामुळेच.

पाकिटावर पिनकोडाचे पाचच अंक असतील, तर तो चुकीचा आहे हे कोणतीही यादी न उघडता कळते. अंक सहा असले आणि आरंभी ४०३ असले, तरी त्या क्रमांकाचे कार्यालय खरोखर आहे का, हे यादी पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. आणि कार्यालय असले, तरी ते पाकीट खिडकीशी उभ्या असलेल्या व्यक्तीच्या हाती द्यावे का, हा प्रश्न या दोहोंपेक्षा वेगळा आहे. पहिला प्रश्न आकाराचा, दुसरा अस्तित्वाचा आणि तिसरा अधिकाराचा.

संकेतस्थळे आणि मोबाइल अ‍ॅप यांच्यामागे काम करणाऱ्या सर्व्हरपुढे हेच तीन प्रश्न अखंड येत असतात. ग्राहकाचा अर्ज, रुग्णाचा अहवाल, विद्यार्थ्याची गुणपत्रिका अशी प्रत्येक नोंद डेटाबेसमध्ये एका ओळखक्रमांकाखाली साठवलेली असते आणि ती मागताना तो क्रमांक बाहेरून सर्व्हरकडे येतो. तो तपासण्यासाठी आज 'स्कीमा लायब्ररी' नावाची तयार साधने उपलब्ध आहेत. ती तीनांपैकी एकाच प्रश्नाचे उत्तर देतात. कोणत्या, हे विसरले गेले की लोकांची खासगी कागदपत्रे उघड्यावर येतात.

तीन प्रकारचे क्रमांक

सर्वांत जुना आणि सोपा प्रकार म्हणजे चढता क्रम : पहिल्या नोंदीला १, दुसरीला २. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसमध्ये साध्या पूर्णांकाच्या रकान्यात २१४७४८३६४७ पर्यंतची संख्या मावते. त्याहून मोठी संख्या दिली की डेटाबेस ती नाकारतो.

दुसरा प्रकार 'यूयूआयडी'. हा १२८ बिटांचा असतो. लिहिताना त्याचे ३२ हेक्साडेसिमल अंक होतात, म्हणजे ० ते ९ आणि रोमन लिपीतील ए ते एफ यांतील चिन्हे. आठ, चार, चार, चार आणि बारा अशा गटांमध्ये चार आडव्या रेघा घातल्या की एकूण ३६ चिन्हे भरतात. याचे प्रमाणपत्रक २००५ साली प्रसिद्ध झाले आणि मे २०२४ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. चौथ्या प्रकारच्या यूयूआयडीमध्ये १२२ बिट यादृच्छिक असतात. नव्या सातव्या प्रकारात पहिले ४८ बिट निर्मितीची वेळ मिलिसेकंदांत सांगतात.

तिसरा प्रकार मोंगोडीबी या डेटाबेसचा 'ऑब्जेक्टआयडी'. तो १२ बाइटांचा, म्हणजे २४ हेक्साडेसिमल चिन्हांचा असतो. पहिल्या चार बाइटांत १ जानेवारी १९७० पासून लोटलेले सेकंद, पुढच्या पाचांत यादृच्छिक मूल्य आणि शेवटच्या तीनांत वाढता गणक अशी त्याची रचना आहे. साहजिकच पहिल्या आठ चिन्हांवरून ती नोंद केव्हा निर्माण झाली, हे कोणालाही काढता येते. ऑब्जेक्टआयडी म्हणजे गुप्त किल्ली नव्हे.

आधार क्रमांकाच्या बारा अंकांतील शेवटचा अंक व्हरहॉफ पद्धतीने काढलेला पडताळा-अंक असतो. एखादा अंक चुकीचा टंकला गेला, तर केवळ गणित करून ती चूक पकडता येते. यूयूआयडी आणि ऑब्जेक्टआयडी यांत असा पडताळा-अंक नाही. त्यांतील एक चिन्ह बदलले, तरी उरतो तो बहुधा दिसायला निर्दोष असा दुसराच क्रमांक. आकाराच्या तपासणीची मर्यादा इथूनच सुरू होते.

तपासणी नसेल तर काय घडते

एखाद्या पतसंस्थेने कर्जाच्या अर्जांसाठी संकेतस्थळ केले आहे, असे समजू. सर्व्हरवरील आज्ञावली नोडजेएसवर चालते, नोंदी मोंगोडीबीत आहेत आणि दोहोंच्या मध्ये 'मोंगूस' ही लायब्ररी आहे. सभासद आपला अर्ज उघडतो, तेव्हा अर्जाचा ओळखक्रमांक सर्व्हरला मिळतो आणि सर्व्हर त्या क्रमांकाची नोंद शोधतो.

क्रमांकाच्या जागी कोणी तीन-चार निरर्थक अक्षरे पाठवली, तर मोंगूसला त्यांचे ऑब्जेक्टआयडीत रूपांतर करता येत नाही आणि ती त्रुटी उपस्थित करते. ती त्रुटी हाताळलेली नसेल, तर वापरकर्त्याला ५०० क्रमांकाचे, म्हणजे 'सर्व्हरमध्ये अंतर्गत बिघाड' असे उत्तर जाते. वास्तविक सर्व्हर बिघडलेला नसतो. आलेली विनंती चुकीची असते. अशा खोट्या बिघाडांनी नोंदवही भरून गेली, की त्या गर्दीत खरा बिघाड दडून राहतो.

याहून गंभीर प्रकार म्हणजे ओळखक्रमांक मुळी आलाच नाही तर. जावास्क्रिप्टमध्ये न आलेल्या मूल्याला 'अनडिफाइन्ड' म्हणतात. मोंगूसच्या अधिकृत दस्तऐवजात एक महत्त्वाचा इशारा आहे : 'फाइंडवन' या आज्ञेला ओळखक्रमांकाच्या जागी अनडिफाइन्ड दिले, तर ती अट नसल्यासारखीच धरली जाते आणि कोणतीही एक नोंद परत मिळते. पतसंस्थेच्या उदाहरणात याचा अर्थ असा, की क्रमांक द्यायला विसरलेल्या सभासदाच्या पडद्यावर भलत्याच सभासदाचा अर्ज उघडेल. कोणतीही त्रुटी दिसणार नाही आणि नोंदवहीत सारे सुरळीत असल्याचीच नोंद राहील. याउलट 'फाइंडबायआयडी' ही आज्ञा अनडिफाइन्डचे रूपांतर रिक्त मूल्यात करते, त्यामुळे तिथे हा धोका टळतो. दोन आज्ञा एरवी सारख्याच वाटतात. फरक नेमका अडचणीच्या क्षणी पडतो.

तिसरा प्रकार हेतुपूर्वक केलेल्या हल्ल्याचा. जेसन स्वरूपात आलेल्या विनंतीत क्रमांकाच्या जागी साधा मजकूरच असेल, याची खात्री नसते. तिथे एखादी रचना, म्हणजे ऑब्जेक्टही पाठवता येतो आणि त्या रचनेत मोंगोडीबीची 'याच्याशी समान नाही' अशा अर्थाची तुलनेची आज्ञा घालता येते. 'ज्यांचा क्रमांक रिक्त नाही अशा नोंदी' अशी अट एकदा तयार झाली, की ती साऱ्याच नोंदींना लागू पडते. शोधाच्या जागी आज्ञा सर्व जुळणाऱ्या नोंदी पुसण्याची असेल, तर परिणाम सांगायला नको. एक्सप्रेस या लोकप्रिय साधनाच्या चौथ्या आवृत्तीत पत्त्यातील प्रश्नचिन्हापुढच्या भागातूनही अशी रचना तयार होऊ शकते, कारण चौकटी कंसांचा अर्थ ते साधन मूळ मांडणीतच रचना असा लावते.

स्कीमा लायब्ररीचे काम

या तिन्ही प्रकारांवर उपाय एकच : बाहेरून आलेल्या मूल्याचा आकार दारातच तपासावा आणि तो जुळला नाही तर ते मूल्य आत येऊ देऊ नये. 'स्कीमा' म्हणजे त्या आकाराचे लेखी वर्णन. बँकेच्या आयएफएससी संकेताचे उदाहरण घ्यावे. एकूण अकरा चिन्हे. पहिली चार रोमन अक्षरे बँकेची, पाचवे चिन्ह शून्य, उरलेली सहा शाखेची. एवढे वाक्य म्हणजेच एक स्कीमा. लायब्ररी या वाक्याचे संगणकाला कळेल असे रूप करते आणि प्रत्येक विनंतीवर ते पडताळते.

टाइपस्क्रिप्ट वापरणाऱ्यांमध्ये यासाठी 'झॉड' ही लायब्ररी विशेष प्रचलित आहे. कॉलिन मॅकडोनेल यांनी ती २०२० साली प्रसिद्ध केली. जावास्क्रिप्टमध्ये 'जॉय' आणि 'यप', तर पायथॉनमध्ये 'पायडँटिक' ही याच कामाची साधने.

टाइपस्क्रिप्टमध्ये 'हा क्रमांक मजकूर आहे' असे आधीच लिहिता येत असताना निराळी लायब्ररी कशाला, असा प्रश्न नवशिके विचारतात. त्याचे उत्तर असे, की टाइपस्क्रिप्टची ही घोषणा आज्ञावली लिहिताना आणि रूपांतरित होताना तपासली जाते. आज्ञावली प्रत्यक्ष चालू लागते तेव्हा ती पुसली गेलेली असते. महाजालावरून आलेल्या मूल्याला त्या घोषणेची काहीच बांधीलकी नसते. प्रत्यक्ष चालताना तपासणारे काहीतरी लागतेच.

ऑब्जेक्टआयडीसाठी झॉडमधील स्कीमा तीन पायऱ्यांचा करता येतो. मूल्य मजकूरच असले पाहिजे. त्यात आरंभापासून अंतापर्यंत नेमकी २४ हेक्साडेसिमल चिन्हे असली पाहिजेत. आणि जुळल्यावर ती सर्व लहान लिपीत करून पुढे द्यावीत. पहिल्या पायरीवर ऑब्जेक्ट आणि अनडिफाइन्ड दोन्ही बाद होतात, दुसरीवर निरर्थक अक्षरे बाद होतात आणि तिसरीमुळे एकच क्रमांक दोन रूपांत वावरत नाही. हा स्कीमा एकाच ठिकाणी लिहून सर्व मार्गांवर वापरावा. प्रत्येक प्रोग्रामरने आपापल्या जागी वेगळी अट लिहिली, की महिन्याभरात पाच जागी पाच व्याख्या झालेल्या असतात.

तपासणीनंतर 'ठीक आहे' एवढेच कळणे पुरेसे नसते. लायब्ररीने तपासून, रूपांतर करून परत दिलेले मूल्यच पुढे वापरावे. मूळ विनंतीतील कच्च्या मूल्याकडे पुन्हा जाऊ नये. झॉडमध्ये अशा मूल्यावर 'ब्रँड' म्हणजे शिक्काही मारता येतो. सभासदाच्या क्रमांकावर एक शिक्का, अर्जाच्या क्रमांकावर दुसरा. दोन्ही २४ चिन्हांचेच असले, तरी एकाच्या जागी दुसरा वापरला गेला तर टाइपस्क्रिप्ट आज्ञावली लिहितानाच अडवते.

तपासणीतील फसव्या जागा

तपासणी आहे, पण ती ढिली आहे, ही स्थिती कधी कधी तपासणी नसण्यापेक्षा अधिक घातक ठरते, कारण ती खोटा विश्वास देते.

मोंगोडीबीच्या साधनांतच 'इजव्हॅलिड' नावाची तयार तपासणी आहे. तिचा प्रश्न मात्र निराळा आहे : 'या मूल्यापासून ऑब्जेक्टआयडी तयार करता येईल का?' तिच्या जुन्या आवृत्त्यांत बारा चिन्हांचा कोणताही मजकूर यासाठी चालत असे. डिचोलीचे रोमन लिपीतील 'बिचोलिम' हे आठ अक्षरांचे नाव, एक मोकळी जागा आणि गोव्याची तीन अक्षरे यांची बेरीज नेमकी बारा होते; म्हणजे गावाचे नावही वैध ओळखक्रमांक ठरत असे. साधा आकडाही या तपासणीतून पार होतो. त्यामुळे २४ हेक्साडेसिमल चिन्हांची अट स्वतः स्पष्ट लिहिणेच श्रेयस्कर.

ती अट लिहितानाही आरंभ आणि अंत यांची खूण विसरता कामा नये. ती विसरली, तर 'यात कुठेतरी २४ योग्य चिन्हे आहेत' एवढेच तपासले जाते आणि त्यांच्या मागेपुढे जोडलेला नको तो मजकूरही आत शिरतो.

चढत्या क्रमांकांच्या बाबतीत रूपांतराचा मोह आवरावा लागतो. पत्त्यातून आलेला क्रमांक मजकूर असतो, म्हणून त्याची संख्या करण्याची सोय झॉडमध्ये आहे. पण जावास्क्रिप्टच्या नियमानुसार रिकाम्या मजकुराची संख्या शून्य होते आणि 'सत्य' या मूल्याची एक होते. म्हणजे काही न पाठवणाऱ्याने शून्य क्रमांक मागितला आणि 'सत्य' पाठवणाऱ्याने पहिल्या नोंदीची मागणी केली, असे होऊन बसते. आधी मजकूर केवळ अंकांचा आहे हे पाहावे, मगच संख्या करावी आणि ती धन आहे व रकान्याच्या मर्यादेत आहे हेही तपासावे.

मोठ्या संख्यांचा सापळा याहून सूक्ष्म आहे. जावास्क्रिप्टमधील साधी संख्या ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच एकेक पूर्णांक अचूक ओळखते. तिथे ९००७१९९२५४७४०९९३ लिहिले, तर ते निमूटपणे ९००७१९९२५४७४०९९२ होते. ६४ बिटांचे क्रमांक याहून कितीतरी मोठे असू शकतात. ट्विटरने २०१० मध्ये असे क्रमांक वापरायला घेतले, तेव्हा प्रत्येक क्रमांक संख्येसोबत मजकूर म्हणूनही द्यावा लागला, तो याच कारणाने. ओळखक्रमांकाची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही. तो मजकूर म्हणूनच वागवणे सुरक्षित.

लायब्ररीची आवृत्ती बदलतानाही सावध राहावे. २०२५ मध्ये आलेल्या झॉडच्या चौथ्या आवृत्तीत यूयूआयडीची तपासणी प्रमाणपत्रकानुसार अधिक काटेकोर झाली. चाचणीसाठी हाताने रचलेले, सर्व अंक सारखे असलेले बहुतेक क्रमांक तिच्यात नापास होतात. जुन्या नोंदींमध्ये असे क्रमांक असतील, तर त्यांच्यासाठी त्याच आवृत्तीत 'जीयूआयडी' नावाची सैल तपासणी दिलेली आहे.

आकार बरोबर, पण अधिकार?

इथपर्यंतचे सारे काम चोख झाले, तरी एक प्रश्न अनुत्तरित राहतो आणि सर्वांत मोठे नुकसान त्याच्याच दुर्लक्षातून होते.

मे २०१९ मध्ये अमेरिकेतील पत्रकार ब्रायन क्रेब्ज यांनी 'फर्स्ट अमेरिकन फायनान्शियल' या मालमत्तेच्या मालकीहक्काचा विमा देणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळातील दोष उघड केला. घरखरेदीच्या व्यवहारातील कागदपत्रांचे दुवे ग्राहकांना पाठवले जात आणि प्रत्येक दुव्यात त्या कागदाचा क्रमांक असे. तो क्रमांक एकाने कमी-अधिक केला, की दुसऱ्याच कोणाचा कागद उघडत असे. ओळखपत्र वा परवलीचा शब्द विचारला जात नसे. २००३ पासूनच्या सुमारे ८८.५ कोटी नोंदी अशा तऱ्हेने उघड्या होत्या. त्यांत बँक खात्यांचे क्रमांक, करविषयक कागद आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक होते. अमेरिकेच्या रोखे नियामकाने २०२१ मध्ये कंपनीकडून ४ लाख ८७ हजार ६१६ डॉलरचा दंड घेतला आणि २०२३ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या वित्तीय नियामकाने १० लाख डॉलरचा.

या प्रकरणात आकाराची तपासणी उपयोगी पडली नसती, कारण चोरून पाहणाऱ्याने पाठवलेला प्रत्येक क्रमांक आकाराने निर्दोष होता. कागदही अस्तित्वात होता. नव्हता तो फक्त अधिकार. सुरक्षाविषयक काम करणाऱ्या 'ओवास्प' या संस्थेने एपीआयच्या दहा प्रमुख धोक्यांच्या २०१९ आणि २०२३ या दोन्ही याद्यांत नेमका हाच दोष पहिल्या स्थानी ठेवला आहे.

चढत्या क्रमांकाऐवजी यूयूआयडी वापरला की हा धोका संपतो, असा एक समज आहे. चौथ्या प्रकारचा यूयूआयडी तर्काने ओळखणे व्यवहारात अशक्य आहे, हे खरे. पण दुवा मित्राला पाठवला जातो, ब्राउझरच्या इतिहासात राहतो, पडद्याच्या छायाचित्रात दिसतो. कठीण क्रमांक म्हणजे परवानगी नव्हे. पतसंस्थेच्या सर्व्हरने 'या क्रमांकाचा अर्ज दे' असे न विचारता 'या क्रमांकाचा आणि आत्ता प्रवेश केलेल्या सभासदाच्या मालकीचा अर्ज दे' असे विचारले पाहिजे. दोन्ही अटी एकाच शोधात असाव्यात. त्यातही सभासदाचा क्रमांक विनंतीतून घेऊ नये. तो प्रवेशाच्या वेळी सर्व्हरने स्वतः पडताळलेल्या ओळखीतूनच घ्यावा.

प्रत्येक नकाराचे वेगळे उत्तर

तीन प्रश्न वेगळे ठेवले, की उत्तरेही वेगळी देता येतात. आकार चुकला तर ४०० : विनंती सदोष. नोंद नसेल तर ४०४ : सापडली नाही. नोंद आहे पण अधिकार नाही, तर ४०३ : मनाई. मात्र ४०३ हे उत्तर 'अशी नोंद आहे' ही माहितीही देऊन जाते. ती माहितीच संवेदनशील असेल, तर इथेही ४०४ देणे योग्य. सदोष विनंतीच्या उत्तरात 'अर्जाचा क्रमांक योग्य स्वरूपात नाही' एवढे पुरते. डेटाबेसचे नाव, संचाचे नाव वा त्रुटीचा मूळ मजकूर बाहेर जाऊ देऊ नये.

चाचण्याही याच क्रमाने लिहाव्यात. रिकामा मजकूर, न पाठवलेला क्रमांक, ऑब्जेक्ट, यादी, २३ आणि २५ चिन्हांचा मजकूर, मोठ्या लिपीतील योग्य क्रमांक, अस्तित्वात नसलेला योग्य क्रमांक आणि शेवटी दुसऱ्या सभासदाचा खराखुरा क्रमांक. ही यादी तासाभरात लिहून होते. तिच्यातील शेवटची ओळच बहुतेक ठिकाणी राहून जाते.

भारतात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला. माहितीच्या सुरक्षेची वाजवी खबरदारी न घेतल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. गोव्यासारख्या लहान राज्यात पतसंस्था, रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि हॉटेले आपली संकेतस्थळे बहुधा बाहेरच्या कंत्राटदाराकडून करून घेतात. ते काम ताब्यात घेताना संस्थेच्या चिटणीसाला वा मुख्याध्यापकाला आज्ञावली वाचता आलीच पाहिजे असे नाही. त्याने दोन वेगवेगळ्या सभासदांच्या नावांनी प्रवेश करावा, पहिल्याच्या नोंदीचा दुवा दुसऱ्याच्या पडद्यावर उघडून पाहावा, आणि कागद दिसला तर देयकावर सही करू नये.